शेगडी की हीटर? आणि तो सुक्या बोंबलाचा वास

पत्र थोडक्यात असं: निफाड तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घर जुनं, जाड मातीच्या भिंतींचं आणि कडीपाटाच्या छताचं. पुढच्या दोन खोल्यांना अलीकडे स्लायडिंगच्या खिडक्या बसवल्या आहेत. नणंद बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ बारा दिवसांचं. बाळंतिणीच्या खाटेखाली रात्रभर निखाऱ्यांची शेगडी हवीच, असा सासूबाईंचा आग्रह. "धूर जाऊ दिलेले निखारे ठेवले की काही होत नाही, आमची सगळी बाळंतपणं अशीच झाली," असं त्या म्हणतात. पहिला आठवडा शेगडी होतीही. त्या दिवसांत नणंद सकाळी उठली की डोकं दुखतं, मळमळतं म्हणायची. सगळ्यांनी ते जागरणावर ढकललं. वाद मिटावा म्हणून ताईंच्या यजमानांनी २००० वॅटचा, लाल होणाऱ्या दोन रॉडचा हीटर आणला आणि पलंगाशेजारच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला. आता तीन-चार रात्री खोलीत सुक्या बोंबलासारखा वास येतो, आणि घर तर माळकरी! सासऱ्यांना मधुमेह आहे, पाय गार पडतात म्हणून त्यांना इलेक्ट्रिक ब्लँकेट आणलं आहे. ताईंचं विचारणं असं की शेगडी आणि हीटर यांत कमी धोक्याचं काय, आणि सासूबाईंना न दुखावता ते सांगायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न शेगडीचा आणि हीटरचा आहे, पण पत्रातली सगळ्यांत तातडीची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तो बोंबलाचा वास. आज रात्री हीटर त्या बोर्डावर लावू नका. हे वाचताना तो चालू असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग पुढे वाचा.

प्लग आणि सॉकेट ज्या कडक प्लास्टिकचे असतात, त्यातल्या काही जाती फार तापल्या की अमाइन जातीचे वायू सोडतात. मासळीचा वासही अमाइनचाच असतो. म्हणून माळकऱ्याच्या घरात बोंबील भाजल्याचा वास आला तर मांजरावर संशय घेण्याआधी प्लग काढून बघावा. बटण बंद करून दहा मिनिटं थांबा, प्लग उपसा आणि पिना उजेडात धरा. पितळेचा पिवळेपणा जाऊन तपकिरी-काळपट रंग आला असेल, सॉकेटच्या भोकांची कड पिवळी पडली किंवा ओघळली असेल, तर तो प्लग आणि तो बोर्ड दोन्ही बाद. एकच बदलून भागत नाही. जळालेली पिन नव्या सॉकेटलाही तापवते, आणि एकदा तापून सैल झालेली सॉकेटच्या आतली पितळी पट्टी पुन्हा कधीच पिन घट्ट धरत नाही.

असं का होतं ते कळलं की पुढचे निम्मे निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. २००० वॅटला २३० व्होल्टने भागा: ८.७ अँपिअर. एक्स्टेन्शन बोर्डावरची लहान तीन पिनांची सॉकेटं ६ अँपिअरची असतात आणि स्वस्त बोर्डाची वायर आत बहुधा केसासारख्या बारीक तारांची. म्हणजे पहिल्या मिनिटापासून बोर्डावर झेपेल त्याच्या दीडपट भार आहे. हीटरचा मूळ प्लग जाड पिनांचा १६ अँपिअरचा असणार. तो लहान सॉकेटमध्ये बसावा म्हणून मध्ये कन्व्हर्टर प्लग घातला असेल, तर सैल जोडांत आणखी एकाची भर. सैल जोडाचं गणित असं: तिथे नुसता अर्धा ओहम अडथळा तयार झाला, तरी ८.७ अँपिअरला त्या एका ठिपक्यात जवळपास ३८ वॅट उष्णता साठते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं कथिल वितळवायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं.

इथे "एमसीबी बसवलाय, काही झालं तर पडेलच" हा भरवसा नडतो. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचं आपोआप पडणारं बटण, बघतो ते एवढंच, की ठरल्यापेक्षा जास्त करंट जातोय का. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. त्यामुळे प्लग वितळेपर्यंत एमसीबी शांत बसतो. शॉकपासून वाचवणारा आरसीसीबीही इथे गप्पच, कारण करंट कुठे गळत नाही. या आगीची पहिली खबर नाकालाच लागते. तुमच्या नाकाने ती दिली आहे.

आता उद्या वायरमनला बोलावून नेमकं काय सांगायचं? "हीटरसाठी पॉइंट काढून द्या" एवढं सांगितलं, तर तो जवळच्या दिव्याच्या बोर्डातून तार ओढून जाड सॉकेट बसवून देईल. बाहेरून सगळं ठीक दिसेल आणि भिंतीआड तीच जुनी बारीक तार तापत राहील. म्हणून शब्दशः सांगा: मेन बोर्डापासून हीटरसाठी स्वतंत्र लाइन, तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटर. शेवटी १६ अँपिअरचं आयएसआय छापाचं सॉकेट. त्या लाइनला स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आणि अर्थिंग खरोखर आहे की नुसती हिरवी तार लोंबतेय, हे तपासून. मधे जोड नको. जुन्या घरात ॲल्युमिनियमची तार असेल आणि तिला तांब्याची पिळून टेप मारली असेल, तर तो जोड काही वर्षांत सैल पडणारच. कडीपाटातून तार गेली असेल तर पाइपमधून न्यायला सांगा. मातीच्या घरात उंदीर असतातच, आणि तारेवरचं आवरण कुरतडलेलं तुळईपाशी आहे की भिंतीपाशी, याने फार मोठा फरक पडतो.

नवं सॉकेट बसल्यावरही पहिल्या दिवशी हीटर अर्धा तास चालवा, बटण बंद करून प्लग काढा आणि प्लास्टिकवर तळवा ठेवा. जरासं कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर वायरमनला परत बोलवा.

शेगडीकडे वळू. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत सासूबाईंची एकट्यांची नाही, जवळजवळ सगळ्यांचीच आहे. धूर जाऊन लालबुंद झालेला निखारा सगळ्यांत सोज्वळ दिसतो, आणि नेमका तोच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडत असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतं, त्यामुळे हवेत थोडा असला तरी तासातासाने रक्तात साठत जातो. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी, हातापायांतलं त्राण जाणं, या क्रमाने तो चढतो. झोपेत असणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. आणि ज्याला कळतं तो उठायला जातो तेव्हा पाय ऐकत नाहीत. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून कोळशाची अंगीठी लावून, दार लावून झोपलेल्या कुटुंबांच्या ज्या बातम्या येतात त्या या वायूच्या असतात. बहुतेकदा तिथे काही पेटलेलंही नसतं.

तुमच्या नणंदेचं सकाळचं डोकं दुखणं मला जागरणाचं वाटत नाही. एक पडताळा तुमच्याच हातात आहे: शेगडी बंद झाल्यावर डोकेदुखी थांबली का? आणि त्या आठवड्यात ती उठून ओसरीवर येऊन बसली की तासाभरात बरं वाटायचं का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर ते दुखणं शेगडीचंच समजा. उत्तर काहीही असो, तिला आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा, आणि किती रात्री शेगडी होती, दारं-खिडक्या बंद होत्या का, हे स्वतःहून सांगा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि सुचल्याशिवाय कोणी विचारत नाही. घरात कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर असेल तर या कामी त्याच्यावर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू धरलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त सारखंच लाल दिसतं. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल.

मग पूर्वी कसं चाललं? सासूबाई खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या बाळंतपणाच्या वेळची खोली आठवायला सांगा त्यांना: लाकडी दाराच्या फळ्यांत बोटभर फटी, खिडकीला नुसती झडप, भिंतीत वर झरोका. वारा आत यायचा आणि वायू बाहेर जायचा. (तेव्हाही सगळंच सुखरूप होत होतं असं नाही, पण कोणी गेलं तर का गेलं, हे कोणाला कळत नव्हतं.) तुम्ही स्लायडिंगच्या खिडक्या बसवल्या आणि खोली हवाबंद डब्यासारखी केली. शेगडी तीच राहिली, खोली बदलली. हे त्यांना सांगण्यात त्यांचा कमीपणा नाही, म्हणून याच वाटेने बोला.

खिडकी थोडी उघडी ठेवली तर? जागेपणी, माणूस शेजारी बसलेला असताना, अर्धा-पाऊण तास शेगडी आणि समोरासमोरचं दार-खिडकी वीतभर उघडी, इतपत ठीक. झोपेत नाही. थंडी वाढली की पहाटे कोणीतरी उठून ती खिडकी लावतंच, आणि नेमकी पहाटेच थंडी वाढते. शिवाय खाटेखाली शेगडी म्हणजे वायूखेरीज आगीचाही प्रश्न आहे. लोंबणारी चादर, बाळाचं दुपटं, झोपेत घसरलेला साडीचा पदर, नायलॉनची नवार, खाली पडलेला कापूस, सगळं वीतभर अंतरावर. पॉलिस्टरचा पदर पेटतो तेव्हा वितळून अंगाला चिकटतो. सुती पदर चिकटत नाही पण भराभर पेटतो. ओवा-बाळंतशेपांची धुरी त्याच शेगडीवर देत असाल तर बाळ त्या खोलीत नको. बारा दिवसांच्या फुप्फुसांना धूर म्हणजे धूरच, औषधी झाडाचा असला तरी.

तर मग हीटरच बरा, असं म्हणू का? योग्य सॉकेटवर, जागेपणी, हो. रात्रभर, नाही. लाल रॉडचा हीटर समोरच्या वस्तूला उन्हासारखा तापवतो. मीटरभराच्या आत गोधडी, पडदा, मच्छरदाणी आली की तिचं तापमान वाढतच जातं. म्हणून चारी बाजूंनी एक मीटर मोकळं, पलंगावरून पाय झटकला तरी गोधडी पोहोचणार नाही इतकं. हीटर कलला तर आपोआप बंद होणारं बटण त्याच्या तळाशी आहे का ते बघा: चालू करून किंचित मागे उचला, बंद झाला पाहिजे. दार आणि पलंग यांच्या मधल्या वाटेवर तो कधीच नको. त्यालाच आग लागली तर बाहेर पडायची वाट तोच अडवून बसेल.

खेड्यात आणखी एक गोष्ट होते जिच्याबद्दल हीटरच्या खोक्यावर काही लिहिलेलं नसतं. लाइट जाते. हीटर विझतो, घरचे बटण तसंच ठेवून झोपतात, कुस बदलताना गोधडी सरकते, आणि रात्री दोनला लाइट येते. तेव्हा जागं कोणी नाही. पाणी तापवायच्या रॉडचंही तेच: लाइट गेली म्हणून रॉड बादलीतून काढून बाजूला ठेवला, बटण चालूच, लाइट आली की पाण्याबाहेरचा रॉड मिनिटाभरात लाल होतो. लाइट गेली की बटण बंद आणि प्लग बाहेर, ही सवय घरातल्या पोरांनाही लावा. आणि मध्यरात्रीनंतर गावातला वापर उतरला की व्होल्टेज कधी कधी चढतं. २५० व्होल्टला तुमचा २००० वॅटचा हीटर साडेतेवीसशेच्या पुढे जातो, म्हणजे संध्याकाळी जेमतेम निभावलेला प्लग रात्रीच हार मानतो.

नवा घ्यायचाच असेल, किंवा दुकानदार हा बदलून देत असेल, तर तेल भरलेला, पंख्यांच्या पात्यांसारखे खण असलेला हीटर घ्या. त्यात उघडं लाल काही नसतं आणि थर्मोस्टॅट असतो. महाग आहे, जड आहे, खोली तापायला अर्धा-पाऊण तास घेतो. तोही १६ अँपिअरच्या सॉकेटवरच, आणि त्यावर बाळाची लंगोटं वाळत घालायची नाहीत. सगळ्यांचा हात तिकडेच जातो. फुंकर मारणारा ब्लोअर लहान खोलीत झटपट ऊब देतो, पण जमिनीवर ठेवला की मागच्या जाळीत कापसाचे तंतू आणि केस ओढतो, ते आत तापतात. ठेवलात तर दर आठवड्याला ब्रश मारा.

पण ताई, माझा खरा आक्षेप वेगळा आहे. शेगडी आणि हीटर दोघांनाही तुम्ही एकच काम देताय: खोली रात्रभर गरम ठेवायची. पारा पाचाच्या खाली उतरणाऱ्या निफाडच्या रात्री, वर कडीपाट आणि खाली शहाबादी फरशी असताना, ते काम कोणालाच नीट जमत नाही. २००० वॅटचा हीटर तासाला दोन युनिटं खातो. आठ तासांची सोळा युनिटं जाळूनही पहाटे खाट गारच. ऊब खोलीला नको आहे, अंथरुणाला आणि अंगाला हवी आहे. तशी योजना करा.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत खिडक्या लावा. दाराखालच्या फटीला जुनी गोधडी गुंडाळून लावा. खोलीत काहीही जळत नसेल तेव्हाच, शेगडी असताना कधीच नाही. फरशीवर सतरंजी, खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत. थंडी वरच्या पांघरुणापेक्षा खालून जास्त लागते, म्हणून गादीखाली एक जाड घोंगडी घाला. वर तीन चढवण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो. साडेआठ ते दहा हीटर लावा, सगळे जागे असताना. झोपायच्या आधी अर्धा तास अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी: उकळतं पाणी नाही, दोन-तृतीयांशच भरायची, दाबून हवा काढायची, बूच लावून उलटी धरून बघायची, फडक्यात गुंडाळायची. रबराला बारीक भेगा पडल्या असतील तर फेकून द्यायची. मग हीटर बंद, प्लग बाहेर. रात्री तीनला बाळ पाजायला उठलात तर तेव्हा पंधरा मिनिटं लावा, पाजून झालं की प्लग काढूनच पाठ टेका.

बाळाला किती ऊब पुरते, हे अंदाजाने ठरवू नका. पोटाला आणि तळपायाला हात लावा. दोन्ही कोमट: बाळ ठीक. पोट कोमट, पाय गार: बाळाला थंडी वाजतेय, आत्ताच ऊब द्या. दोन्ही गार: आईच्या उघड्या छातीशी धरून, वर पांघरूण घेऊन तसंच दवाखान्यात. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असलं पाहिजे. बाळासाठी सगळ्यांत बिनचूक हीटर आईचं अंगच: जागेपणी बाळ नुसत्या लंगोट-टोपीवर आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून, दोघांवर एक शाल. एरवी मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, टोपडं, मोजे, आणि तोंड उघडं. जड गोधडी बाळावर नको, रबरी पिशवी बाळाच्या अंथरुणात नको. अंथरूण तापवलं असेल तर बाळ ठेवायच्या आधी काढून घ्या.

सासऱ्यांच्या ब्लँकेटबद्दल थोडंच. ते वीज फार खात नाही, त्यामुळे प्लग तापायची भीती नाही; भीती घडीची आहे. घडी पडली की आतली तार तिथे जास्तच तापते. गादीवर सपाट, वर चादर, आणि त्यावर काही जड नको. ठेवताना दाबून घडी न घालता गुंडाळून ठेवा. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झाली असेल तर त्यांना भाजतंय हे कळणारच नाही, आणि कमी उष्णतेनेही तासन्‌तास लागून राहिल्यावर फोड येतो. जखम भरायला मग महिने. म्हणून झोपायच्या आधी अर्धा तास चालू, ते आडवे झाले की बंद, पायात लोकरी मोजे. पायाला रबरी पिशवीही नको.

न्हाणीत बंब पेटवत असाल तर त्यालाही शेगडीचाच नियम. बंब ओसरीवर किंवा परसात पेटवा, पाणी बादलीने आत न्या. बंद न्हाणीत ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला घेऊन बंबाशेजारी बसणं म्हणजे खाटेखालची शेगडी फक्त उभी केली इतकंच. ज्यांच्याकडे गॅस गिझर न्हाणीघराच्या आत आहे त्यांनीही हे वाचावं: तो बाहेरच्या भिंतीवर हवा.

कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म ऑनलाइन मिळतो. घ्या, पलंगाच्या उंचीला, खिडकीपासून दूर लावा, महिन्याला बटण दाबून तपासा. धुराचा अलार्म वेगळा, तो छताला. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. आणि अलार्म आहे म्हणून शेगडी परत आत आणायची नाही.

तरी काही पेटलंच तर? विजेच्या वस्तूला आग असेल तर आधी मेन बंद, मेन बंद होईपर्यंत पाणी नाही. दाराजवळ ४ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक असावं: पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. एवढ्या सिलिंडरची पावडर काही सेकंदांतच संपते, म्हणून पाठ दाराकडे ठेवून उभं राहा. तेवढ्यात विझली नाही तर बाळ-बाळंतीण बाहेर, खोलीचं दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२. बाळंतिणीच्या खोलीला रात्री आतून कडी नको, उशाशी बॅटरी हवी. कपडे पेटले तर पळायचं नाही: जमिनीवर आडवं होऊन लोळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांतलं काहीही नाही. मग १०८.

कापसाच्या गादीला ठिणगी लागली तर मात्र फसू नका. वरून बादलीभर पाणी ओतलं की ती विझल्यासारखी दिसते, आत कापूस धुमसत राहतो आणि तीन-चार तासांनी पुन्हा पेट घेतो. अशी गादी अंगणात न्यायची, उसवून उघडायची, आतपर्यंत भिजवायची, आणि ती रात्र तिला बाहेरच काढू द्यायची.

राहिल्या सासूबाई. त्यांना शेगडी जिंकवायची नाहीये, लेकीला ऊब द्यायची आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणून शेगडी घराबाहेर काढू नका, खोलीबाहेर काढा. संध्याकाळी ओसरीवर, आडोशाला, त्यांनीच पेटवावी. नणंदेला पदर खोचून शेजारी बसवावं. तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघून, तिच्या कमरेला शेकावं. तासाभराचा हा शेक त्यांच्या हाताचा राहू द्या. रात्रीच्या रबरी पिशवीचं खातंही त्यांच्याकडेच द्या. आणि नको ते सांगायचं काम सुनेने एकटीने का करावं? आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ बारा दिवसांचं आहे, म्हणजे पुढची भेट परवाच. त्या बाळाचं तापमान घेतीलच. तेव्हा शेगडीचा आणि डोकेदुखीचा विषय सासूबाईंच्या समोरच काढा, आणि पोट-पाय तपासायची रीत त्यांना आशाताईंकडूनच शिकू द्या.

निखारे विझवणं मात्र नजरेखाली ठेवा. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. तो प्लास्टिकच्या बादलीत, उकिरड्यावर किंवा गोवऱ्यांच्या हुडव्याजवळ टाकायचा नाही. पत्र्याच्या डब्यात काढा, वर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, चुरचुर थांबली की झाकण घालून अंगणात ठेवा. सकाळी डबा हाताला गार लागला की मग ती राख द्राक्षाच्या बुंध्याशी टाकायला हरकत नाही.